विमानाने समुद्र ओलांडला

वाचक मंडळी, आपल्या नाशिक जिल्ह्यात विमान ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ओझरला १९६४ सालापासून विमानांचा मोठा कारखाना आहे. तेथून प्रवासी विमानेही ये-जा करतात. द्राक्षाच्या बागेत छाटणी करणारा गडी डोक्यावरून विमान गेले तरी मान वर करून पाहत नाही. कात्री चालूच राहते.

पण जमिनीवरून उडणे वेगळे आणि समुद्रावरून उडणे वेगळे. जमिनीवर इंजिन बिघडले तर खाली एखादे माळरान सापडते. रस्ता दिसतो, नदी दिसते, रेल्वेचे रूळ दिसतात. आपण कोठे आहोत हे कळते. समुद्रावर यातले काहीच नाही. चहूकडे पाणी. खाली उतरावे म्हटले तर पाणी, आणि वाट विचारावी म्हटले तर माणूस नाही.

असे असूनही माणसाने विमानाने समुद्र ओलांडला. तो कसा ओलांडला, त्यासाठी कोणकोणते हिशेब करावे लागले आणि आपल्या मुंबईच्या एका मुलीने त्यात काय केले, ते आम्ही या पाठात सांगणार आहोत.

समुद्र किती मोठा?

एके काळी आपल्याकडे समुद्र ओलांडणे पाप मानीत. जो परदेशी जाऊन येई त्याला जातीबाहेर टाकीत, नाहीतर प्रायश्चित्त घ्यावयास लावीत. अशा काळात, १८८३ साली, कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकण्यासाठी अमेरिकेला निघाल्या. कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या त्या एप्रिल महिन्यात. अमेरिकेच्या न्यूयॉर्क बंदराला लागल्या तो जून उजाडला होता. म्हणजे सुमारे दोन महिने गेले. आज मुंबईहून निघालेले विमान न थांबता न्यूयॉर्कला पोचते. त्याला सोळा तासांच्या आसपास वेळ लागतो.

दोन महिन्यांचे सोळा तास कसे झाले? हे एका दिवसात झाले नाही आणि एका माणसाने केले नाही. त्यामागे पुष्कळ माणसांचे कष्ट आहेत. कित्येकांचे प्राणही त्यात गेले आहेत.

पतंग आणि विमान

आधी विमान हवेत राहते कसे ते थोडक्यात पाहू. आपल्या येवल्याची संक्रांत प्रसिद्ध आहे. त्या दिवशी सारे गाव गच्चीवर असते. पतंग उडविणाऱ्या पोराला विचारा, पतंग वर कशाने जातो? तो सांगेल, वारा पाहिजे आणि दोर ताणलेला पाहिजे. पतंग थोडा तिरपा असतो. वारा त्याच्या अंगावर येतो, खालच्या बाजूला वळतो आणि पतंगाला वर ढकलतो. वारा पडला की पोरगा दोर घेऊन पळत सुटतो. म्हणजे वारा आला नाही, तर पतंगच वाऱ्यावर न्यायचा.

विमानाचेही असेच आहे. त्याचे पंख थोडे तिरपे आणि वरून फुगीर असतात. विमान जोराने पुढे गेले की पंखांवरून व पंखांखालून हवा धावते. ती हवा पंखांना उचलून धरते. पतंगाला दोर ओढतो, विमानाला इंजिन ओढते. इंजिन बंद पडले तर विमान दगडासारखे खाली येत नाही. ते उतारावरून घसरल्यासारखे हळूहळू खाली येते. पण येते खालीच. जमिनीवर तेवढ्या वेळात मैदान शोधता येते. समुद्रावर मैदान नसते.

पहिली पावले

अमेरिकेत राइट नावाचे दोघे भाऊ होते. त्यांचे सायकलींचे दुकान होते. त्यांनी १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिन लावलेले विमान पहिल्यांदा उडविले. ते किती वेळ उडाले? फक्त १२ सेकंद. तेवढ्यात ते ३६ मीटर गेले. आपल्या शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत, एवढेच.

पुढे सहा वर्षांनी, २५ जुलै १९०९ रोजी, ब्लेरिओ नावाच्या फ्रेंच माणसाने फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधली समुद्राची पट्टी ओलांडली. ही पट्टी सुमारे ३५ किलोमीटर रुंद आहे. त्याला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागला. त्याच्याजवळ होकायंत्रसुद्धा नव्हते. मध्ये काही वेळ त्याला कोणताच किनारा दिसेना. तरी तो पोचला.

यानंतर लोकांचे लक्ष अटलांटिक महासागराकडे गेले. या महासागराच्या एका अंगाला युरोप आणि दुसऱ्या अंगाला अमेरिका. मध्ये हजारो किलोमीटर थंडगार पाणी. इंग्लंडच्या एका वर्तमानपत्राने १०,००० पौंडांचे बक्षीस लावले. ते अल्कॉक आणि ब्राउन या दोघांनी जिंकले. १४ जून १९१९ रोजी ते अमेरिका खंडाच्या पूर्व टोकाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावरून निघाले. त्यांच्या बसण्याच्या जागेला छप्पर नव्हते. वारा, पाऊस, बर्फ सारे अंगावर. निरोप पाठविण्याचे यंत्र वाटेत बंद पडले. धुक्यात वर कोणते आणि खाली कोणते हेच कळेना. विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली आले, आणि समुद्र अगदी जवळ दिसल्यावर अल्कॉकने ते कसेबसे सावरले. सोळा तासांनी आयर्लंडचा किनारा दिसला. हिरवे कुरण पाहून ते खाली उतरले. ते कुरण नव्हते, दलदल होती. विमानाचे नाक चिखलात रुतले. पण दोघेही सुखरूप होते. न थांबता अटलांटिक ओलांडणारी ही पहिली माणसे.

त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात अल्कॉक दुसरे एक विमान घेऊन फ्रान्सला जात होता. धुक्यात ते विमान कोसळले आणि तो मरण पावला. जो महासागरातून वाचला, तो जमिनीवरच्या धुक्यात गेला. धुके हा वैमानिकाचा मोठा वैरी आहे.

एकटा लिंडबर्ग

पुढे न्यूयॉर्क ते पॅरिस या उड्डाणासाठी २५,००० डॉलरचे बक्षीस लागले. मे १९२७ मध्ये नूंगेसेर आणि कोली हे फ्रान्सचे दोन नामांकित वैमानिक पॅरिसहून निघाले. ते परत कोणालाही दिसले नाहीत.

त्यानंतर बाराच दिवसांनी, २० मे १९२७ रोजी, लिंडबर्ग नावाचा एक तरुण न्यूयॉर्कहून निघाला. वय पंचवीस वर्षांचे. धंदा विमानातून टपाल नेण्याचा. त्याने एकट्यानेच जायचे ठरविले. का? तर दुसऱ्या माणसाच्या वजनाएवढे पेट्रोल अधिक नेता येईल म्हणून. त्याने पॅराशूट घेतले नाही. निरोपाचे यंत्र घेतले नाही. खाण्याला पावाचे पाच तुकडे, मध्ये काही ना काही भरलेले. बाकी सारे पेट्रोल, सुमारे १,७०० लिटर. पेट्रोलची मोठी टाकी त्याच्या अगदी पुढ्यात होती. त्यामुळे समोरचे दिसत नसे. बाजूच्या खिडकीतून पाहायचे.

निघण्याच्या आदल्या रात्री त्याला झोप मिळाली नव्हती. पुढे साडेतेहतीस तास तो एकटा उडत राहिला. त्याचा खरा वैरी वारा नव्हता, बर्फही नव्हता. झोप होती. डोळे मिटले की विमान कलायचे. तो दचकून जागा व्हायचा आणि पुन्हा सावरायचा. आपल्यापैकी ज्यांनी रात्रभर बैलगाडी हाकली आहे, त्यांना हे सांगायला नको. पण गाडीवान पेंगला तर बैल वाट सोडीत नाही. विमानाला बैल नसतात.

आयर्लंडजवळ त्याला मच्छीमारांच्या होड्या दिसल्या. तो अगदी खाली आला आणि आयर्लंड कोणीकडे, असे ओरडून विचारू लागला. कोणी उत्तर दिले नाही. पण होड्या आहेत म्हणजे किनारा जवळ आहे, एवढे त्याने ओळखले. २१ मेच्या रात्री तो पॅरिसला उतरला. लाखभर माणसे वाट पाहत उभी होती.

तो गेला सुमारे ५,८०० किलोमीटर. नाशिकहून मुंबई सुमारे १७० किलोमीटर आहे. म्हणजे नाशिकहून मुंबईला जायचे आणि परत यायचे, अशा सतरा खेपा. मध्ये थांबणे नाही, झोपणे नाही, सोबत नाही.

पेट्रोलचा हिशेब

आता कोणी म्हणेल, ही माणसे मोठी धाडसी. धाडसी तर खरीच. पण नुसत्या धाडसाने समुद्र ओलांडत नाही. त्याला हिशेब लागतो. तो हिशेब आपल्यालाही करता येण्यासारखा आहे. पाटी-पेन्सिल घ्या.

समजा, एक विमान तासाला २०० किलोमीटर जाते. पलीकडचा किनारा १,२०० किलोमीटरवर आहे. टाकीत ८ तासांचे पेट्रोल आहे. वारा नसेल तर किती वेळ लागेल? १,२०० भागिले २००, म्हणजे ६ तास. दोन तासांचे पेट्रोल शिल्लक उरेल. छान झाले.

आता समोरून तासाला ५० किलोमीटरचा वारा सुटला. विमान हवेतून २०० किलोमीटरच जात आहे. पण ती हवाच त्याला ५० किलोमीटर मागे नेत आहे. पुराच्या पाण्यात उलट्या दिशेने पोहणाऱ्या माणसासारखी गत. म्हणजे पुढे सरकणे होते तासाला १५०. मग १,२०० भागिले १५०, म्हणजे ८ तास. किनारा येईल आणि टाकी कोरडी होईल, दोन्ही एकाच वेळी.

वारा आणखी थोडा वाढला, ६० झाला, तर? तासाला १४०. आठ तासांत १,१२० किलोमीटर. म्हणजे किनारा ८० किलोमीटर दूर असताना पेट्रोल संपले. वाऱ्यात फरक फक्त दहाचा. पण त्या दहाने माणूस बुडाला.

यापुढची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वारा ५० चा आहे असे धरा. पाच तास गेल्यावर विमान ७५० किलोमीटरवर आले. उरले ३ तासांचे पेट्रोल. आता परत फिरावे म्हटले, तर तोच वारा पाठीशी येतो. वेग होतो तासाला २५०. तीन तासांत ७५० किलोमीटर, म्हणजे बरोबर घरी. पण यापुढे आणखी अर्धा तास जरी गेले, तरी परत येण्याएवढे पेट्रोल उरत नाही. आता पुढेच जायला हवे.

अशी एक जागा समुद्रावरच्या प्रत्येक उड्डाणात असते. तेथे खांब नसतो, दगड नसतो, खूण नसते. ती फक्त हिशेबात असते. शहाणा वैमानिक ती जागा निघण्यापूर्वीच कागदावर काढून ठेवतो. तेथे पोचण्याआधी तो स्वतःला विचारतो, इंजिन ठीक आहे का, वारा किती आहे, पुढे ढग कसे आहेत? उत्तर बरे नसेल तर तो मागे फिरतो. लोक हसतील म्हणून पुढे जात नाही. मागे फिरलेला वैमानिक उद्या पुन्हा निघू शकतो.

दिशेचा हिशेब

पेट्रोलइतकेच महत्त्व दिशेला आहे. पेरताना तिफण सुरुवातीला थोडीशी तिरपी धरली गेली, तर पहिल्या दोन पावलांत ते कळत नाही. शेताच्या दुसऱ्या टोकाला मात्र ओळ भलतीकडे गेलेली दिसते. शेत जेवढे लांब, तेवढी चूक मोठी.

वर्तुळाचे ३६० भाग करतात. त्यातल्या एका भागाला एक अंश म्हणतात. दिशा एका अंशाने चुकली, तर दर ६० किलोमीटरला माणूस सुमारे १ किलोमीटर बाजूला जातो. नाशिकहून मुंबईला निघालात तर चूक तीन किलोमीटरची. हरकत नाही, मुंबई मोठी आहे. पण अंतर चार हजार किलोमीटर असेल आणि पोचायचे ठिकाण लहान असेल, तर?

अमेलिया एअरहार्ट या अमेरिकन बाईंच्या बाबतीत अशीच कठीण वेळ आली. या बाई फार पराक्रमी. मे १९३२ मध्ये त्यांनी एकटीने अटलांटिक ओलांडला. असे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. वाटेत उंची दाखविणारे यंत्र बिघडले, पंखांवर बर्फ धरले, इंजिनाच्या नळीला चीर जाऊन ज्वाळा दिसू लागल्या. तरी सुमारे पंधरा तासांनी त्या आयर्लंडमध्ये एका कुरणात उतरल्या. पुढे १९३७ साली त्या पृथ्वीला वळसा घालण्यास निघाल्या. जून महिन्यात कराची आणि कलकत्ता येथेही त्या उतरल्या होत्या. सोबत नूनन नावाचा दिशा पाहणारा जाणकार होता.

२ जुलै १९३७ रोजी दोघे न्यू गिनी बेटावरून प्रशांत महासागरातल्या हाउलंड बेटाकडे निघाले. अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. आणि हाउलंड बेट केवढे? लांबी जेमतेम दोन किलोमीटर. एका अंशाची चूक झाली, तर माणूस बेटापासून सत्तर किलोमीटर दूर जातो. बेटाजवळ एक जहाज त्यांची वाट पाहत उभे होते. जहाजावर त्यांचा आवाज ऐकू येत होता. पण त्यांना बेट दिसेना आणि जहाजाला विमान दिसेना. मग आवाजही बंद झाला. पुष्कळ शोध झाला. ती दोन माणसे सापडली नाहीत.

हे वाचून वाईट वाटते. पण अशा घटनांतूनच पुढची माणसे शिकली. निरोपाची यंत्रे सुधारली. दिशा दाखविणारी यंत्रे सुधारली.

आपल्या देशातली उड्डाणे

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशात वैमानिकाचा परवाना मिळविणारे पहिले गृहस्थ म्हणजे जे. आर. डी. टाटा. साल १९२९. आगाखान यांनी बक्षीस लावले. भारत ते इंग्लंड किंवा इंग्लंड ते भारत, एकट्याने विमान नेणाऱ्या भारतीयाला ५०० पौंड. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. वाटेत, इजिप्त देशात अबूकीर येथे, दोघांची गाठ पडली. अस्पी तेथे अडकून पडला होता. त्याच्या इंजिनाचा प्लग खराब झाला होता आणि जवळ दुसरा नव्हता. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे त्यांना ठाऊक आहे, प्लगने ठिणगी दिली नाही तर इंजिन चालत नाही.

टाटांच्या जवळ जादा प्लग होता. तो त्यांनी देऊन टाकला. शर्यतीत जो आपला प्रतिस्पर्धी, त्यालाच! अस्पी पुढे निघाला आणि थोड्या तासांच्या फरकाने बक्षीस त्याने जिंकले. पुढे हेच अस्पी इंजिनियर भारताच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटांचे बक्षीस गेले, पण आज ही गोष्ट सांगताना लोक दोघांचेही नाव घेतात.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले. टाटांच्या विमान-टपालाची ही सुरुवात. विमान लहान, इंजिन एक. वाट दाखविणारे यंत्र जमिनीवर नाही आणि विमानातही नाही. अहमदाबादला विमानात पेट्रोल भरावयाचे होते. ते पेट्रोल डब्यांतून आले, आणि डबे आले बैलगाडीतून. म्हणजे आपल्या विमानाच्या पहिल्या प्रवासात बैलांचाही वाटा आहे बरे! जुहूचे मैदान समुद्रकाठी होते. पावसाळ्यात तेथे पाणी भरे. मग तेवढे दिवस विमान पुण्याहून चाले.

ज्या वेळी आपल्या खेड्यांत टपाल पोचायला दिवसच्या दिवस लागत, त्या वेळी या लहानशा विमानाने एका दिवसात कराचीचे पत्र मुंबईला आणले. त्यातूनच पुढे मोठी विमान कंपनी उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. समुद्रापलीकडच्या देशांशी आपली नेहमीची आकाशवाट अशी सुरू झाली.

मुंबईची आरोही

आता अलीकडची गोष्ट. आरोही पंडित ही मुंबईची मुलगी. विमान चालविण्याचे शिक्षणही तिने मुंबईच्या संस्थेत घेतले. ३० जुलै २०१८ रोजी ती आणि तिची मैत्रीण कीथेअर मिस्किटा अशा दोघी पंजाबातील पतियाळाहून एका लहान विमानात निघाल्या. विमानाचे नाव माही. वजन सुमारे ४०० किलो, म्हणजे एका चांगल्या खिल्लारी बैलाएवढे. बसायला दोनच जागा. इंजिन एकच, तेही एखाद्या मोठ्या ट्रॅक्टरच्या ताकदीचे. पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान आणि युरोपातले देश ओलांडून त्या इंग्लंडला पोचल्या.

पुढे अटलांटिक होता. त्या पाण्यात माणूस पडला तर बुडण्याआधी थंडीनेच गारठून जातो. म्हणून हवा भरून फुगणारी होडी बरोबर हवी, प्राणवायूची नळकांडी हवी. हे सामान ठेवायचे कोठे? विमानात जागा दोनच. तेव्हा एकीने मागे राहणे भाग होते. आरोही एकटी निघाली. जिने जागा सोडली तिचेही धाडस आम्ही कमी मानीत नाही.

तेवीस वर्षांची आरोही स्कॉटलंडमधल्या विक गावाहून उडाली. अल्कॉक आणि लिंडबर्ग एका दमात गेले होते. हे लहान विमान तसे जाऊ शकत नव्हते. म्हणून तिने टप्पे केले. आधी आइसलंड, मग ग्रीनलंड. ग्रीनलंडवर बर्फ एवढे आहे, की मध्यावर त्याची जाडी तीन किलोमीटर भरते. तेथून पुन्हा समुद्र ओलांडून मे २०१९ मध्ये ती कॅनडातील इकालुइट येथे उतरली. एवढ्या लहान जातीच्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती जगातली पहिली स्त्री.

या वाटेवर सर्वांत मोठे भय बर्फाचे. आपल्या निफाडकडे कडाक्याच्या थंडीत पहाटे द्राक्षाच्या पानांवरचे दव गोठते. बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. विमानाच्या पंखांवरही असेच होते. ढगातले गार पाणी पंखाला लागले की गोठते. बर्फाने विमान जड होते. त्याहून वाईट म्हणजे पंखाचा आकार बिघडतो. मग हवा त्याला नीट उचलीत नाही. म्हणून अशा ठिकाणी हवामान पाहिल्याशिवाय निघायचे नसते. हवा बरी होईपर्यंत एक दिवस थांबा, आठ दिवस थांबा. थांबणे हे उड्डाणाचेच काम आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आरोहीने अमेरिकेच्या अलास्काहून रशियातील अनादिर येथे जाऊन प्रशांत महासागराचा उत्तरेकडचा भाग ओलांडला. तेथेही एवढ्या लहान विमानातून जाणारी ती पहिलीच स्त्री. या समुद्रात एक गंमत आहे. जगाने ठरविलेली तारखेची रेघ तेथून जाते. रेघेच्या या बाजूला मंगळवार असेल, तर त्या बाजूला बुधवार. आरोही निघाली एका तारखेला, आणि थोड्याच तासांत पोचली ती दुसऱ्या तारखेला.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी तिने टाटांच्या उड्डाणाची आठवण म्हणून त्याच माही विमानातून भूज ते अहमदाबाद ते जुहू असा प्रवास केला. कराची आता दुसऱ्या देशात, म्हणून सुरुवात भूजहून केली. दिशा दाखविणारी नवी यंत्रे तिने वापरली नाहीत. टाटांप्रमाणेच नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधाराने ती आली. भूजच्या धावपट्टीचीही एक गोष्ट आहे. १९७१ च्या युद्धात ती बॉम्बने उखडली गेली होती. तेव्हा जवळच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बाया पुढे आल्या. त्यांनी विटा-माती वाहून ७२ तासांत ती धावपट्टी नीट केली. विमान उडविणारी एक असते. पण धावपट्टी करणारे हात शेकडो असतात.

आजचे विमान

आज समुद्रावरून जाणाऱ्या मोठ्या विमानांना दोन किंवा अधिक इंजिने असतात. एक बंद पडले तरी दुसऱ्यावर जवळचा विमानतळ गाठता येतो. जवळचा विमानतळ किती दूर असला तर चालेल, याचेही नियम ठरलेले आहेत. आकाशातले उपग्रह विमानाला त्याची जागा सांगतात. आपल्या हातातला मोबाईल गावाचा रस्ता दाखवितो, तोही याच उपग्रहांच्या मदतीने. पंखांवरचे बर्फ काढण्याची सोय असते. वैमानिक पाळीपाळीने विसावा घेतात. लिंडबर्गची झोप, एअरहार्टबाईंचे हरवलेले बेट, अल्कॉकचे धुके, या प्रत्येक संकटावर आज काही ना काही तोड निघालेली आहे.

पण हिशेब मात्र सुटलेला नाही. आजही प्रत्येक विमान निघण्याआधी अंतर, वारा, वजन आणि इंधन यांचे गणित मांडतात. लागेल त्याहून जादा इंधन भरतात. वाटेत उतरता येईल अशी ठिकाणे आधीच ठरवितात.

मंडळी, आपल्याला काही विमान चालवायचे नाही. तरी हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. पेरणीआधी बियाणे किती, विहिरीत पाणी किती, पाऊस लांबला तर काय, कर्ज काढले तर फेडायचे कशातून, हे आपणही मोजतोच. फरक एवढाच, की वैमानिक ते मनात ठेवीत नाही, कागदावर मांडतो. कारण मन आशेने फसते. कागदावरचा आकडा फसवीत नाही. आता तुम्हांला अक्षरे आली आहेत, आकडे आले आहेत. तेव्हा पुढचे मोठे काम काढताना, मग ती नवी बाग असो, विहीर असो की लेकीचे लग्न असो, एक कागद घ्या. कोठपर्यंत गेले तर मागे फिरता येईल, ती जागा आधी त्यावर लिहून ठेवा. मग खुशाल निघा.